सातबाऱ्यावरचे ‘अज्ञान’ : एका प्रकरणाचा अभ्यास

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याचे आहे. माणसांची आणि गावाची नावे दिलेली नाहीत, गट क्रमांक गाळले आहेत. जमिनीच्या कामात ‘अज्ञान’ हा शब्द रोज दिसतो आणि रोज दोन वेगळ्या अर्थांनी वापरला जातो. त्या दोन अर्थांची गल्लत झाली की काय घडते, ते या एका घरात अगदी स्वच्छ दिसले, म्हणून ते सविस्तर मांडतो.

पार्श्वभूमी

वडील १९९४ मध्ये वारले. मागे पत्नी, चौदा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेले दोन गट होते. एक १ हेक्टर २० आरचा, विहिरीचा. दुसरा ४८ आरचा, ओढ्याकडेचा, जिराईत. आजी आधीच गेलेली होती, त्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे वारस तीनच आणि प्रत्येकाचा हिस्सा एक तृतीयांश. वारस नोंद झाली, फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, मंजूर झाला आणि दोन्ही सातबाऱ्यांवर तिघांची नावे चढली. आईचे नाव साधे. दोन्ही मुलांच्या नावांपुढे ‘अज्ञान’, आणि पुढे ‘अ.पा.क. आई’.

अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. महसुली आणि कोर्टाच्या मराठीत अज्ञान म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती, आणि अठरा पूर्ण झाली की सज्ञान. अक्कल, शिक्षण, जगाची समज यांचा इथे काही संबंध नाही. सतरा वर्षे अकरा महिन्यांची हुशार मुलगी कायद्याला अज्ञान असते आणि शाळेची पायरी न चढलेला साठ वर्षांचा माणूस सज्ञान. ज्याला आपण एरवी अज्ञान म्हणतो, म्हणजे एखादी गोष्ट माहीत नसणे, त्याच्याशी या शब्दाचा मेळ फक्त अक्षरांपुरता आहे.

वयाचेही एक गमतीचे. दोघा भावंडांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे, भावाची १९८० आणि बहिणीची १९८५. खेड्यातल्या त्या पिढीतल्या बऱ्याच लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत घालताना गुरुजींनी ती लावलेली असते. माणूस अज्ञानाचा सज्ञान कोणत्या दिवशी झाला, हे कायदा ज्या तारखेवरून ठरवतो ती तारीख अशी अंदाजाने लिहिलेली. इथे त्यावरून वाद झाला नाही, पण दोन-चार महिन्यांवर मुदत अडकलेली असती तर झाला असता.

मार्च २००१ मध्ये आईने ओढ्याकडचा ४८ आरचा गट लगतच्या खातेदाराला विकला. गावात त्यांना सगळे आबा म्हणतात. वडिलांच्या वेळची, शेतीला कर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीची थकबाकी होती आणि मुलाच्या डिप्लोमाची फी भरायची होती. खरेदीखतावर आईचा डावा अंगठा आहे. मुलगा तेव्हा विशीतला, त्याने स्वतः सही केली आणि खतात त्याच्या नावापुढे ‘सज्ञान’ लिहिले आहे. मुलगी पंधरा वर्षांची होती. तिच्या वतीने ‘अ.पा.क. आई’ म्हणून पुन्हा तोच अंगठा.

१९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याचे कलम ८ सांगते की नैसर्गिक पालकाला अज्ञानाची स्थावर मिळकत विकायची असेल तर आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ती घेतलेली नव्हती. दस्तलेखकाने विचारले नाही, आईला असे काही असते हे ठाऊक नव्हते, मुलगा गप्प होता. परवानगीशिवाय केलेली अशी विक्री मुळातून रद्द नसते. ती रद्द करण्याजोगी असते. म्हणजे ज्याचा हिस्सा गेला त्याने सज्ञान झाल्यावर उठून ‘मला मान्य नाही’ असे म्हणावे लागते, आणि ते ठरलेल्या मुदतीत. इथे विकल्या गेलेल्या ४८ आरपैकी मुलीचा हिस्सा १६ आर. वाद व्हायचा तर तेवढ्याचाच, कारण आई आणि मुलगा यांनी आपापला हिस्सा रीतसर विकला होता.

अडचण कुठे आली

आई २०१९ मध्ये गेली. त्यानंतरही सातबारा कोणी उघडून पाहिला नाही. २०२३ मध्ये भावाने विहिरीच्या गटावर ठिबक आणि पाइपलाइनसाठी कर्ज मागितले. बँकेच्या वकिलांनी तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या व्यवहारांचा शोध, काढला आणि अहवालात दोन शेरे मारले. पहिला : खातेदार क्रमांक दोन व तीन अज्ञान आहेत, त्यांच्या वतीने पालकाला गहाणखत करता येणार नाही. दुसरा : पालनकर्ती मयत.

भाऊ त्रेचाळीस वर्षांचा, मिशीत पांढरे केस, त्याचा स्वतःचा मुलगा अकरावीत. बँकेत त्याची थट्टा झाली. पण शेऱ्यात चूक काहीच नव्हती. नोंद आपोआप पिकत नाही. अठरा वर्षे झाली म्हणून सातबाऱ्यावरचा ‘अज्ञान’ गळून पडत नाही, तो कमी करून घ्यावा लागतो. गंमत म्हणजे २००१ च्या खरेदीखतात जो ‘सज्ञान’ आहे तोच माणूस दुसऱ्या गटाच्या सातबाऱ्यावर पुढची बावीस वर्षे ‘अज्ञान’ राहिला.

बहीण पिंपरी-चिंचवडला असते. बारावी झालेली, स्वतःचा शिवणकामाचा व्यवसाय, दोन मुले. भावाने फोन करून सांगितले, ‘दोन सह्या लागतील, रविवारी येऊन जा.’ ती आली. कागद वाचायची तिला सवय असल्यामुळे पुढचे सगळे घडले.

सेतू केंद्रात दोन कागद तयार करून ठेवले होते. पहिला तलाठ्याकडे द्यायचा अर्ज. त्यात एक वाक्य असे : ‘अर्जदार क्र. २ ही अज्ञान असल्याने तिला सदर नोंदीबाबत माहिती नव्हती.’ दुसरा कागद प्रतिज्ञापत्राचा. त्यात शेवटच्या परिच्छेदात, विहिरीच्या गटाशी काही संबंध नसताना, हे वाक्य : ‘सन २००१ मध्ये झालेल्या विक्रीची मला पूर्ण माहिती होती व आहे. त्याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही.’

ती वाचून म्हणाली, ‘दादा, कुठली विक्री?’

तिला वाटत होते की ओढ्याकडचे रान खंडाने, म्हणजे मोबदला ठरवून नुसते कसायला, दिले आहे. लहानपणापासून तिने विचारले की आई म्हणायची, ‘ते रान आबा करतात.’ यात खोटे काहीच नाही. रान करणारा मालकही असतो आणि खंडकरीही. आईने मुद्दाम असे बोलून ठेवले की तिच्या तोंडी तेवढेच येत होते, हे आता सांगता येणार नाही. बहिणीने सही केली नाही. ती सल्ल्यासाठी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात दोन्ही कागदांच्या झेरॉक्स होत्या आणि प्रश्न एकच होता : मला माहीत नव्हते, याची कायद्यात काही किंमत आहे का?

दरम्यान भावाने पहिला अर्ज स्वतःच्या सहीने देऊन टाकला होता. तो आठवड्यात परत आला. तलाठी कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी त्या वाक्याखाली पेनाने रेघ ओढून समासात लिहिले होते : ‘अर्जदार सज्ञान की अज्ञान? खुलासा करावा.’ त्यांचे बरोबर होते. ‘मी आता अज्ञान नाही, शेरा काढा’ असे सांगणाऱ्या अर्जातच अर्जदार ‘अज्ञान असल्याने’ असे लिहिले तर वाचणाऱ्याने काय समजायचे? टंकलेखकाला म्हणायचे होते की बाईंना ठाऊक नव्हते. कागद म्हणत होता की बाई वयाने लहान आहेत.

माहीत नसण्याचे प्रकार

प्रतिज्ञापत्र नव्याने लिहिताना नेमके काय लिहायचे, यावर बराच वेळ गेला. बाहेरून हा शब्दांचा खेळ वाटतो, पण शपथेवरचा कागद पुढे वीस वर्षांनी कोणीतरी तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवतो.

‘मी अज्ञान होते’ हे १ जून २००३ पर्यंतच्या काळाला लागू. त्यानंतर लागू नाही. ‘मी अनभिज्ञ होते’ हे वकिलांचे आवडते. पण त्यात माहिती अजिबात नव्हती असा अर्थ येतो, आणि बहिणीचे तसे नव्हते. रान आबांच्या ताब्यात आहे हे तिला पक्के माहीत होते. तिच्या डोक्यात होता तो गैरसमज : ताबा खंडाने आहे असा. कोरी पाटी आणि चुकीचे लिहिलेली पाटी, या दोन्हींना एकच नाव देऊन चालत नाही. कोर्टात पहिला प्रश्न येतो, ‘मग तुम्ही खंड कधी मागितला का?’ तिने कधीच मागितला नव्हता. लग्न होऊन गेलेल्या मुली मागत नाहीत, हे आपल्याला ठाऊक असते. उलटतपासणीत ते उत्तर म्हणून टिकत नाही.

बँकेच्या वकिलांनी तिला विचारले होते, ‘शिकलेल्या आहात आणि माहिती नाही म्हणता?’ या प्रश्नात एक जुनी समजूत दडलेली आहे : शिकलेला तो जाणता, अडाणी तो अजाण. या घरात नेमके उलटे होते. आई निरक्षर. सगळे तिला अडाणी म्हणत, भाऊ आजही म्हणतो, ‘आई अडाणी होती, तिला काय कळतंय परवानगी-बिरवानगी.’ परवानगीचे तिला कळत नव्हते, हे खरे. पण खरेदीखत वाचले की दिसते, बाईला बाकी सगळे कळत होते. विहिरीचा गट तिने हातचा सोडला नाही. गिऱ्हाईक लगतचे पाहिले. रक्कम तीन हप्त्यांत घेतली, पहिला हप्ता थेट सोसायटीत भरायला लावला आणि तसे खतात लिहून घेतले. अंगठा उठवणारी बाई व्यवहाराची जाणती होती. बारावी झालेल्या मुलीला मात्र आपल्या नावावर काय होते आणि काय गेले याचा पत्ता नव्हता, कारण तिला कोणी सांगितलेच नाही.

भावाचा प्रकार तिसराच. त्याने २००१ च्या खतावर सही केली होती. त्याला माहिती होती, आणि बहिणीला नाही हेही माहीत होते. म्हणूनच ‘पूर्ण माहिती होती’ हे वाक्य त्या कागदात आले. त्याला मी लबाड म्हणणार नाही. बँकेच्या सर्चमध्ये इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यात, ती विक्री निघाली, कोणीतरी त्याला सांगितले की बहिणीकडून लिहून घे, पुढे कटकट नको, आणि त्याने ते छापील नमुन्यातून उचलले. बावीस वर्षे ज्या गोष्टीकडे कानाडोळा केला ती एका वाक्यात मिटवायची त्याला घाई झाली होती.

समोरचे पर्याय

बहिणीपुढे पहिला रस्ता होता तो दोन्ही कागदांवर सही करून मोकळे होण्याचा. भाऊ खूश, कर्ज मंजूर, माहेर शाबूत. सोबत हक्कसोडपत्राचाही विषय वहिनींनी काढला होता : ‘ताई, तुम्हाला तिकडं काय कमी आहे?’ बऱ्याच घरांत हे इथेच संपते.

दुसरा रस्ता दाव्याचा. २००१ ची विक्री तिच्या १६ आरपुरती रद्द करून मागायची. इथे तिच्या मूळ प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले, आणि ते तिला आवडले नाही. मुदतीचा कायदा, १९६३ चा अनुच्छेद ६० अशा दाव्याला तीन वर्षे देतो आणि ती तीन वर्षे सज्ञान झाल्याच्या दिवसापासून मोजतो. कळल्याच्या दिवसापासून नाही. तिच्या बाबतीत जून २००३ ते जून २००६. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये विश्वंभर विरुद्ध लक्ष्मीनारायण या निकालात आईने परवानगीशिवाय केलेल्या विक्रीबाबत हेच धरले : विक्री रद्द करून घ्यावी लागते, आणि त्याच मुदतीत.

थोडक्यात, वयाच्या अज्ञानाला कायदा जपतो. तुमच्या वतीने कोणी हिस्सा विकला तर तुम्ही मोठे होईपर्यंत थांबतो, वर तीन वर्षे देतो. पण न कळण्याच्या अज्ञानासाठी तो थांबत नाही. अपवाद आहे : याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे समोरच्याने कपटाने गोष्ट दडवली असेल तर मुदत कपट उघड झाल्यापासून मोजतात. पण कपट कोणाचे? आबांनी काही दडवले नव्हते. खत नोंदणीकृत होते, फेरफार झाला होता, सातबाऱ्यावर त्यांचे नाव होते, ते रोज त्या रानात दिसत होते. ‘ते रान आबा करतात’ या वाक्याला कपट ठरवायचे तर ते मेलेल्या आईवर ठरवायचे, आणि तेही सिद्ध करणे अवघड. मी तिला सांगितले की दावा टाकता येईल, टिकेल असे मला वाटत नाही, आणि टिकला नाही तरी आठ-दहा वर्षे घेईल.

तिसरा रस्ता असा की काहीच करायचे नाही. सही नाही, दावा नाही, शेरा आहे तसा राहू दे. रागाच्या भरात ती दोन दिवस याच विचाराची होती. यात भावाचे कर्ज अडले असते हे खरे, पण तिचे स्वतःचेही नुकसान होते. तिचे नाव सातबाऱ्यावर ज्या रूपात होते ते तिचे घरातले लाडाचे नाव होते, वडिलांचे आडनाव आणि पुढे ‘अज्ञान’. आधार कार्डावर दुसरे नाव, सासरचे आडनाव. उद्या काही झाले असते तर ही ती नव्हेच, असे म्हणायला जागा होती.

चौथा रस्ता दोन विषय वेगळे करण्याचा. विहिरीच्या गटाची नोंद दुरुस्त करायची, तेवढ्यापुरताच कागद करायचा, आणि २००१ च्या विक्रीबद्दल त्या कागदात चकार शब्द लिहायचा नाही.

काय केले

तिने चौथा रस्ता धरला. ठरवायला तिला महिना लागला, आणि मधल्या काळात तिने एक गोष्ट केली जी मी सुचवली नव्हती. ती आबांकडे गेली. त्यांनी खत काढून दाखवले, हप्त्यांच्या पावत्या दाखवल्या, सोसायटीची बेबाकी दाखवली. ती नंतर म्हणाली, ‘आईनं विकलं ते बरोबरच केलं. मी असते तरी विकलं असतं. पण मला कुणी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?’ याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही.

खरा पेच त्या एका वाक्यावर झाला. भाऊ म्हणाला, ‘तुला दावा करायचाच नाही ना? मग माहिती होती असं लिहायला काय जातंय?’ तिने ऐकले नाही. मी तिच्या बाजूने होतो, आणि भावनेपोटी नव्हे. शपथेवर खोटे लिहू नये हे एक. दुसरे असे की ‘पूर्ण माहिती होती’ हे वाक्य पुढे कोणत्याही वादात तिच्या गळ्यात पडू शकते, आईच्या इतर व्यवहारांबद्दलही. आणि त्या वाक्याची गरजच नव्हती. बँकेला विहिरीच्या गटाचा बोजा हवा होता, ओढ्याकडच्या गटाशी बँकेचा संबंध नव्हता. भावाला हे पटायला बँकेच्या वकिलांनाच फोन लावावा लागला. ते म्हणाले, ‘आम्ही हे मागितलेलंच नाही.’

मग कागद जुळवायला घेतले. १९९४ चा वारस फेरफार, जुना हस्तलिखित सातबारा, दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले, आईचा मृत्यू दाखला, बहिणीचा विवाह नोंदणी दाखला. लाडाचे नाव, शाळेतले नाव आणि सासरचे नाव ही एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र. या नावाच्या भानगडीत सर्वांत जास्त वेळ गेला; अज्ञानाचे सज्ञान होणे त्या मानाने सोपे निघाले.

अर्जातले वाक्य शेवटी असे झाले : ‘सन १९९४ च्या फेरफारावेळी अर्जदार क्र. १ व २ यांचे वय अनुक्रमे १४ व ९ वर्षे असल्याने त्यांच्या नावापुढे अज्ञान असा व पालनकर्ती म्हणून आईच्या नावाचा शेरा आहे. दोन्ही अर्जदार सज्ञान झाले असून पालनकर्ती मयत आहे. सबब अ.पा.क. शेरा कमी करून आईच्या हिश्शास वारस म्हणून अर्जदारांची नोंद व्हावी.’ कोणाला काय माहीत होते आणि काय नव्हते, याचा उल्लेख नाही. तलाठी कार्यालयाला तो विषय ठरवायचाच नसतो.

अर्ज दाखल झाला, फेरफार धरला गेला, हितसंबंधितांना नोटिसा निघाल्या, पंधरा दिवसांत हरकत आली नाही आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली.

निष्पत्ती

विहिरीच्या गटावर आता दोघांची नावे आहेत, निम्मा-निम्मा हिस्सा, नावापुढे कोणताही शेरा नाही. बहिणीने हक्कसोडपत्र दिले नाही. कर्जाला सहहिस्सेदार म्हणून संमती दिली, पण रकमेचा आकडा लिहून आणि बँकेत बसून गहाणखत पूर्ण वाचून. शाखेतल्या कारकुनाला ते जड गेले. भावाला कर्ज मिळाले, ठिबक बसले.

२००१ ची विक्री आहे तशी आहे. ती कायद्याने पक्की झाली ती न्याय्य होती म्हणून नाही, तर मुदत गेली म्हणून. हा फरक बहिणीला नीट कळलेला आहे आणि भावालाही, निदान मला तसे वाटते.

भावंडांत काही महिने बोलणे बंद होते. नंतर सुरू झाले, पण पहिल्यासारखे नाही. वहिनी अजून म्हणतात की ताईंनी एका वाक्यासाठी माहेर तोडले. त्या घरात याबद्दल दोन मते राहणार.

वेगळे काय करता आले असते

२००१ मध्ये परवानगीचा अर्ज केला असता तर ती मिळण्याजोगी होती. कर्जफेड आणि शिक्षण ही दोन्ही कारणे न्यायालये गरज म्हणून विचारात घेतात. थोडा खर्च, काही महिने, पण मुलीच्या हिश्शाचे पैसे तिच्या नावावर ठेवण्याची अट कदाचित घातली गेली असती. आईला हे ठाऊक असण्याची अपेक्षा मी करत नाही. दस्तलेखकाकडून करतो. खतात ‘अ.पा.क.’ हे तीन अक्षरांचे लघुरूप टंकणाऱ्याला त्यामागचा कायदा माहीत नसावा, हे त्या सगळ्या प्रकरणातले सर्वांत महाग पडलेले अज्ञान आहे. कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही असे आपण पक्षकाराला ऐकवतो. पक्षकार ज्याला पैसे देऊन कागद लिहून घेतो त्याला मात्र कोणी ऐकवत नाही.

बहीण १८ वर्षांची झाली तेव्हा कोणी सातबारा काढला असता तर दोन्ही गोष्टी तेव्हाच दिसल्या असत्या, आणि तिच्या हाती तीन वर्षे होती. ज्या घरात आई किंवा वडील अकाली गेले आहेत तिथे मुलांच्या अठराव्या वर्षी दोन कागद काढावेत : सध्याचे सातबारे, आणि वारस नोंदीपासून आजपर्यंतचे सगळे फेरफार. केवळ आजचा सातबारा पाहून चालत नाही, कारण विकून गेलेला गट तुमच्या खात्यात दिसणारच नाही. बहिणीने मधल्या काळात एकदा ऑनलाइन आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा, काढलाही होता. त्यात एकच गट दिसला आणि तिने मनाशी म्हटले, दुसरा आबांकडे खंडाने आहे म्हणून दिसत नसेल. खंडाने दिलेली जमीन मूळ मालकाच्या खात्यात राहते, हे तिला तेव्हा ठाऊक असते तर गैरसमज तिथेच फुटला असता. अर्थात तोवर २००६ उलटून गेले होते.

अ.पा.क. शेऱ्याचे काम आता पूर्वीपेक्षा सोपे आहे. ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या अर्ज करता येतो, आणि २०२५ मध्ये राज्यभर राबवलेल्या जिवंत सातबारा मोहिमेत मयत खातेदारांच्या वारस नोंदींनंतर असे कालबाह्य शेरे काढण्याचे कामही हाती घेतले गेले. हेच प्रकरण दोन वर्षांनी आले असते तर शेरा कदाचित तलाठ्यांनीच विचारून काढला असता. तसे झाले असते तर २००१ ची विक्री बहिणीला आजही कळली नसती.

माझ्या बाजूने एक : भावाला मी फार उशिरा समोर बसवले. तो माझा पक्षकार नव्हता आणि त्याच्याशी परस्पर बोलणे मला योग्यही नव्हते, पण बहिणीच्या संमतीने दोघांची एकत्र बैठक पहिल्याच आठवड्यात घेता आली असती. ‘माहिती होती’ या वाक्याची बँकेला गरज नाही हे त्याला तेव्हाच कळले असते आणि काही महिन्यांचा अबोला कदाचित टळला असता.

त्या सेतू केंद्रातल्या छापील नमुन्याचा विषय मात्र सुटलेला नाही. ‘सदर व्यवहाराची मला पूर्ण माहिती होती व आहे’ हा परिच्छेद तिथल्या संगणकात तयार असतो आणि जमिनीच्या कोणत्याही प्रतिज्ञापत्राला जोडला जातो, सही करणाऱ्याला काही माहिती असो वा नसो. काढून टाका असे मी सांगितले. चालवणारा म्हणाला, ‘साहेब, लोकं तसाच मागतात.’